हिस्लॉप कॉलेज ते नॅशव्हिल : जेम्स लॉसन यांचे अहिंसा-प्रशिक्षणवर्ग

हैदराबादच्या तारनाका परिसरातील मराठी वाचकांना ‘मेथडिस्ट’ हे नाव परिचित असते ते बहुधा चॅपेल रोडवरील स्टॅन्ली गर्ल्स हायस्कूलसारख्या शाळांमुळे; परंतु अठराव्या शतकात जॉन वेस्ली यांच्या प्रेरणेने इंग्लंडमध्ये उदयाला आलेल्या या प्रोटेस्टंट पंथाच्या अमेरिकेतील कृष्णवर्णीय नेतृत्वाचा एक धागा नागपूरशी जुळलेला आहे, याची आठवण क्वचितच काढली जाते.

जेम्स लॉसन (१९२८–२०२४) हे मेथडिस्ट धर्मोपदेशकाचे पुत्र. कोरियन युद्धाच्या काळात सक्तीची लष्करभरती नाकारल्यामुळे त्यांनी तुरुंगवास भोगला आणि १९५३ मध्ये मेथडिस्ट मिशनच्या वतीने ते नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात खेळांचे प्रशिक्षक म्हणून रुजू झाले. त्यांना अहिंसा भारताने शिकवली असे आपल्याकडे अभिमानाने म्हटले जाते, पण ते अर्धसत्य आहे, कारण गांधीजींचे लेखन त्यांनी त्याआधीच वाचले होते आणि त्यांच्या शांततावादाचे मूळ घरच्या ख्रिस्ती संस्कारात होते. नागपूरच्या वास्तव्यात मात्र सत्याग्रहाच्या कार्यपद्धतीचा त्यांना जवळून अभ्यास करता आला. अमेरिकेतील माँटगोमेरी येथे वंशभेदाविरुद्ध सुरू झालेल्या बस-बहिष्काराची बातमी डिसेंबर १९५५ मध्ये त्यांनी नागपुरातच वृत्तपत्रात वाचली.

मायदेशी परतल्यावर मार्टिन ल्यूथर किंग यांच्या आग्रहावरून ते दक्षिणेत गेले आणि नॅशव्हिलमध्ये त्यांनी प्रशिक्षणवर्ग सुरू केले, ज्यांपैकी १९५९ चे वर्ग क्लार्क मेमोरियल मेथडिस्ट चर्चमध्ये भरत. दुकानांतील ‘लंच काउंटर’वर, म्हणजे खाद्यपदार्थ मिळण्याच्या जागी, कृष्णवर्णीयांना बसू देत नसत, त्या काउंटरची नक्कल खुर्च्या मांडून केली जाई, काही विद्यार्थी ग्राहक होत, तर काही गुंड होऊन त्यांना शिव्या देत, ढकलत, खुर्चीवरून खाली ओढत, आणि ग्राहक झालेल्याने उलट हात न उगारता डोके व पोट कसे झाकावे, हल्लेखोराच्या नजरेला नजर कशी द्यावी, मार खाणाऱ्या सोबत्याच्या आड कसे यावे, याची तालीम पुनःपुन्हा होई. सहनशीलतेचे प्रवचन पुष्कळांना देता येते. तिला कवायतीची शिस्त लावण्यात लॉसन यांचे वेगळेपण होते. नागरी हक्क चळवळीतील डायान नॅश, जॉन लुईस, जेम्स बेव्हल हे नेते याच वर्गांतून तयार झाले.

फेब्रुवारी १९६० मध्ये नॅशव्हिलच्या दुकानांत ठिय्या आंदोलन सुरू झाले, मार्चमध्ये व्हँडरबिल्ट विद्यापीठाने तेथे शिकत असलेल्या लॉसन यांना या आंदोलनामुळे काढून टाकले आणि १० मे रोजी शहरातील काही प्रमुख दुकानांचे काउंटर सर्वांना खुले झाले. (त्याच विद्यापीठाने २००६ मध्ये त्यांना सन्मानाने प्राध्यापक म्हणून बोलावले.)

लॉसन यांच्या स्वतःच्या चर्चचा व्यवहार मात्र या काळात विसंगत होता : अमेरिकेतील मेथडिस्ट शाखांच्या १९३९ च्या एकीकरणात कृष्णवर्णीय मंडळ्यांसाठी ‘सेंट्रल ज्युरिस्डिक्शन’ नावाचा वेगळा प्रशासकीय विभाग निर्माण करण्यात आला होता आणि इतर विभाग भौगोलिक असताना हा एकच विभाग वंशावर आधारलेला होता. १९६८ मध्ये मेम्फिसच्या सेंटेनरी मेथडिस्ट चर्चचे पाळक असलेल्या लॉसन यांनी सफाई कामगारांच्या संपाला पाठिंबा देण्यासाठी किंग यांना बोलावले. त्या शहरात ४ एप्रिलला किंग यांची हत्या झाली, आणि त्याच महिन्याच्या २३ तारखेला डॅलस येथे युनायटेड मेथडिस्ट चर्च स्थापन होताना तो वेगळा विभाग नव्या घटनेतून वगळण्यात आला.