चित्रकार व्हायला निघालेला सेनापती

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पोलिश तरुणाला चित्रकार व्हायचं असेल, तर त्याची वाट क्राकोवला जायची. १९०० साली तिथल्या जुन्या कलाशाळेला ॲकॅडमीचा दर्जा मिळाला होता. एके काळी यान मातेइकोच्या प्रचंड ऐतिहासिक चित्रांचा तिथे दबदबा होता. आता लेऑन विचुउकोव्स्कीसारखे नव्या दमाचे चित्रकार शिकवत होते. यान स्तानिस्वाव्स्की हा प्राध्यापक तर विद्यार्थ्यांना घेऊन सरळ गावाबाहेर पडायचा. शेताच्या बांधावर, नदीकाठी बसून लहान लहान फळ्यांवर उतरता प्रकाश पकडायचा, असा त्याचा धडा. याच वातावरणात गॅलिशियातल्या ब्झेझानी गावचा एक अनाथ, गरीब, हुशार मुलगा दाखल झाला. त्याचं नाव एडवर्ड रिड्झ.

पुढे तो पोलंडचा मार्शल झाला आणि सप्टेंबर १९३९ मध्ये हिटलरच्या फौजा पोलंडवर चालून आल्या तेव्हा देशाचा सरसेनापती होता. पोलंडबाहेर त्याची ओळख बहुतेक या एका महिन्यापुरती आणि तीही पराभूत म्हणूनच उरली आहे. पण हे आयुष्य त्या महिन्यापेक्षा बरंच मोठं आहे.

एडवर्डचा जन्म ११ मार्च १८८६चा. ब्झेझानी आज युक्रेनमध्ये आहे. तेव्हा ते ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होतं. आईवडील लहानपणीच गेले. आधी आजी-आजोबांनी आणि मग गावातल्या एका डॉक्टरच्या कुटुंबाने त्याला वाढवलं. शाळेत त्याने उत्तम यश मिळवलं, क्राकोवच्या यागेलोनियन विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकला आणि जोडीला चित्रकला. निसर्गचित्रं, व्यक्तिचित्रं, मुद्राचित्रं या तिन्हींत त्याचा हात चांगला चालायचा. जाणकारांना त्याच्याकडून आशा होत्या.

मग हा मुलगा बंदुकीकडे वळला कसा? त्यासाठी त्या काळचा नकाशा पाहायला हवा. त्यावर पोलंड नावाचा देशच नव्हता. १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन फाळण्यांत रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने तो वाटून घेतला होता. त्यातल्या त्यात ऑस्ट्रियाच्या वाट्याला आलेल्या गॅलिशियात पोलिश भाषेला, विद्यापीठांना, संस्थांना मोकळीक होती. म्हणूनच रशियाच्या हद्दीत क्रांतीचं काम करणारा युझेफ पिल्सुद्स्की इकडे येऊन राहिला. १९०८ साली ल्वूफ शहरात त्याच्या सहकाऱ्यांनी एक गुप्त लष्करी संघटना उभारली आणि रिड्झ त्या पहिल्या मंडळींत होता. पुढे ऑस्ट्रियाच्या कायद्याने नेमबाजीच्या संघटनांना मुभा दिली आणि क्लबच्या नावाखाली उघडपणे सैनिक घडवता येऊ लागले.

कुंचला एका दिवसात सुटला नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. १९१०-११ मध्ये सक्तीची लष्करी सेवा म्हणून रिड्झ व्हिएन्नाच्या प्रसिद्ध ‘डॉइचमाइस्टर’ पलटणीत शिकला. निकाल इतका उत्तम लागला, की साम्राज्याच्या सैन्यात कायमची अधिकाऱ्याची जागा देऊ केली गेली. त्याने ती नाकारली, परत ॲकॅडमीत आला आणि शिक्षण पुरं केलं. म्हणजे एकीकडे चित्रशाळा, दुसरीकडे तरुणांची कवायत आणि नेमबाज संघटनेच्या नियतकालिकाचं संपादन, असं सगळं चाललं होतं. १९१४ च्या उन्हाळ्यात महायुद्ध पेटलं नसतं, तर ही ओढाताण कुठल्या बाजूला सुटली असती, कोण जाणे.

युद्ध पेटलं आणि तो पिल्सुद्स्कीच्या पोलिश सैन्यदलात, त्याच्या पहिल्या ब्रिगेडमध्ये गेला. १९१७ मध्ये जर्मनांनी पिल्सुद्स्कीला तुरुंगात टाकलं, तेव्हा भूमिगत लष्करी संघटनेची सूत्रं पस्तिशीही न गाठलेल्या या माणसाकडे आली. ‘श्मिग्वी’ हे त्याचं तेव्हाचं टोपणनाव. १९१८ च्या नोव्हेंबरमध्ये १२३ वर्षांनी पोलंड स्वतंत्र झाला, त्याच सुमारास ते आडनावाला जोडलं गेलं.

पुढच्या दोन वर्षांत रशियाच्या बोल्शेविकांविरुद्धच्या युद्धात त्याने जे केलं त्यावर त्याची खरी कीर्ती उभी आहे. एप्रिल १९१९ मध्ये विल्नो घेतलं. जानेवारी १९२० मध्ये लॅटव्हियन सैन्याच्या जोडीने दाउगाव्हपिल्सवर हल्ला चढवला. नदी गोठलेली होती आणि पायदळ बर्फावरून पलीकडे गेलं. शहर बोल्शेविकांकडून सुटलं, आणि पोलंडने ते स्वतःकडे न ठेवता लॅटव्हियाला दिलं. ७ मे १९२० रोजी त्याच्या तुकड्या कीव्हमध्ये शिरल्या, पण महिनाभरात माघार घ्यावी लागली. बोल्शेविकांचं लाल सैन्य वॉर्सॉच्या वेशीवर येऊन ठेपलं. १६ ऑगस्टला पिल्सुद्स्कीने दक्षिणेकडून बगलेवर जो घाव घातला, त्या आघाडीत रिड्झ-श्मिग्वी होता. वॉर्सॉ वाचलं.

१२ मे १९३५ रोजी पिल्सुद्स्की गेला आणि सैन्याची सर्वोच्च जबाबदारी रिड्झ-श्मिग्वीकडे आली. पुढच्याच वर्षी पंतप्रधानांनी परिपत्रक काढून राष्ट्राध्यक्षांच्या खालोखाल त्याचं स्थान ठरवलं, आणि १० नोव्हेंबर १९३६ रोजी वॉर्सॉच्या राजवाड्यात राष्ट्राध्यक्षांच्या हातून त्याला मार्शलचा दंड मिळाला. गावोगाव त्याच्या तसबिरी लागल्या. माझ्या मते इथे त्याचं नुकसान झालं. तो एक सक्षम आघाडी-सेनापती होता; त्याला थेट पिल्सुद्स्कीच्या जागी बसवून राष्ट्राचा तारणहार ठरवलं गेलं. ते ओझं त्याचं नव्हतं.

१ सप्टेंबर १९३९. जर्मन रणगाडे तीन बाजूंनी आत घुसले. आठवड्याभरातच सरसेनापतीचं मुख्यालय वॉर्सॉतून ब्रेस्तला हललं आणि दळणवळण इतकं कोलमडलं, की हुकूम पोचेपर्यंत परिस्थिती बदललेली असे. १७ तारखेला पूर्वेकडून सोव्हिएत सैन्य शिरलं. रिड्झ-श्मिग्वीने आज्ञा काढली : सोव्हिएतांशी लढू नका, त्यांनी हल्ला केला तरच प्रतिकार करा, जवळच्या वाटेने रुमानिया, हंगेरीत जा. त्याच रात्री कुती इथे चेरेमोश नदीवरचा पूल ओलांडून तोही रुमानियात गेला. फ्रान्समध्ये जाऊन लढा चालू ठेवावा, हा हेतू होता. रुमानियाने त्याला स्थानबद्ध केलं. वॉर्सॉ मात्र २८ सप्टेंबरपर्यंत झुंजलं आणि कोत्स्कजवळची शेवटची मोठी तुकडी ६ ऑक्टोबरला शरण आली. ते लढत असताना सेनापती सीमेपलीकडे होता, हे पोलिश सैनिकांनी त्याला कधी माफ केलं नाही.

या प्रकरणाचा एक धागा थेट कोल्हापूरपर्यंत येतो. १९२० मध्ये लढलेल्या अनेक सैनिकांना नव्या पोलंडने पूर्वेकडे जमिनी दिल्या होत्या. सोव्हिएत अंमल येताच फेब्रुवारी १९४० मध्ये या कुटुंबांना कडाक्याच्या थंडीत घराबाहेर काढून मालगाड्यांत कोंबलं आणि सायबेरियाकडे, उत्तर रशियाकडे धाडलं. पुढच्या महिन्यांत आणखी हजारो माणसं गेली. १९४२ मध्ये जनरल आंदेर्सच्या पोलिश सैन्याबरोबर इराणमार्गे जी बाहेर पडू शकली, त्यांतली काही भारतात आली. जामनगरजवळ बालाचडीला जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी मुलांना आसरा दिला. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे इथे सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहिली, त्यांत बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी. त्यांची शाळा, चर्च, स्काउट पथकं तिथे होती. नव्या पोलंडच्या सीमा ज्यांनी १९२० मध्ये लढून राखल्या, त्यांचीच बायकापोरं पंचगंगेच्या खोऱ्यात पोलिश मुळाक्षरं गिरवत होती.

सेनापतीला मात्र परदेशातून चालणाऱ्या पोलंडच्या निर्वासित सरकारातही जागा नव्हती. नवा सरसेनापती सिकोर्स्की पिल्सुद्स्कीच्या जुन्या राजवटीचा कडवा विरोधक होता. डिसेंबर १९४० मध्ये रिड्झ-श्मिग्वी रुमानियातून निसटून हंगेरीत गेला आणि ऑक्टोबर १९४१ मध्ये स्लोव्हाकियामार्गे जर्मनव्याप्त वॉर्सॉत परतला. त्याला भूमिगत लढ्यात साधा सैनिक म्हणून काम करायचं होतं. खोट्या कागदपत्रांवर नाव होतं आदाम झाविशा. एका जनरलच्या विधवेने घरात ठेवून घेतलं. परतून जेमतेम पाच आठवडे झाले आणि २ डिसेंबर १९४१ रोजी हृदयविकाराने तो गेला. पोव्हॉन्स्की दफनभूमीत त्याला याच खोट्या नावाने पुरलं. युद्ध संपलं, तरी कम्युनिस्ट राजवटीत दगडावर तेच नाव राहिलं. खरं नाव कोरलेलं स्मारक उभं राहायला १९९० चं दशक यावं लागलं.

कुतीचा पूल त्याने ओलांडायला नको होता, असं माझं स्पष्ट मत आहे. सैन्य लढत असताना सेनापतीची जागा सैन्यात असते. पण त्यावरून त्याला भित्रा म्हणणाऱ्यांनी १९४१ च्या ऑक्टोबरचाही हिशेब द्यायला हवा. गेस्टापोच्या शहरात, स्वतःचा चेहरा देशातल्या प्रत्येक शाळेच्या भिंतीवर लागून गेलेला असताना, कुणी बोलावलेलं नसताना तो परत आला होता.