बँडचा बुधवार

सकाळी ७:१०. राजूरच्या स्टँडवर सिस्टर एसटीतून उतरते. काल संकष्टी होती. चंद्रोदयानंतर राजुरेश्वर गणपतीची गर्दी पांगली, पण रस्त्याकडेला अजून दूर्वा आणि नारळाच्या शेंड्या पडल्यात. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे. महिन्याला नऊ हजार पगार असणाऱ्या बाईला त्याचं मोल कळतं.

७:३०. दवाखाना छोटा, चार खाटांचा. बुधवारी जालन्याहून सर्जन येतात, मूळव्याधीचे पेशंट पाहायला. त्याआधी ऑटोक्लेव्ह लावायचा. आतून तपासायच्या स्टीलच्या नळ्या, म्हणजे प्रोक्टोस्कोप, आणि चिमटे कापडात गुंडाळून आत. पंधरा पौंड दाब, १२१ अंश, तीस मिनिटं. मध्येच वीज गेली तर पुन्हा पहिल्यापासून. तोवर ती चादरी बदलते, दोन हंडे पाणी भरते. मग बँड. शर्टाच्या बटणाहून लहान रबरी कड्या. शंकूवरून ताणून एकेक कडी यंत्राच्या तोंडावर चढवायची. रबर कडक असतं. चार-पाच चढवल्या की अंगठा दुखायला लागतो.

९:१५. बाकावर नऊ माणसं. केसपेपरवर कुणी कंबरदुखी लिहायला सांगतं, कुणी पोटदुखी. सिस्टर तसंच लिहून घेते. मग एकेकाला आत बोलावते, दार लोटते आणि हळू आवाजात विचारते. रक्त पडतं का? कोंब बाहेर येतो का? आपोआप आत जातो, की हाताने सारावा लागतो? आपोआप जात असेल तर दुसरी पायरी, सारावा लागत असेल तर तिसरी. आत जातच नसेल तर चौथी, तिथं बँडचं काम नाही. एवढ्या तीन प्रश्नांत ती डॉक्टरांचं निम्मं काम करून ठेवते.

चौथा प्रश्न खाण्याचा. काल उपवास: साबुदाणा, भगर, बटाट्याचे वेफर. आणि पाणी? कापूस वेचणारी एक बाई मान खाली घालून सांगते, "वावरात आडोसा नाही, ताई. पाणी पिलं की जावं लागतं. म्हणून पितच नाही." सकाळी सातपासून संध्याकाळी पाचपर्यंत. मला हे वाक्य इथल्या कुठल्याही औषधापेक्षा महत्त्वाचं वाटतं. सिस्टरने ते इतक्यांदा ऐकलंय की ती फक्त मान हलवते आणि कागदावर 'पाणी कमी' लिहिते.

१०:४०. त्याच बाईचा नंबर. दुसऱ्या बाळंतपणापासून रक्त पडतंय, घरात नवऱ्यालाही माहीत नव्हतं. मी पडद्याबाहेर. आतून सिस्टरचा आवाज येतो. "डाव्या कुशीवर. गुडघे पोटाशी घ्या. तोंडाने श्वास सोडा, जोर लावू नका." एका हातात दिवा, दुसरा हात बाईच्या खांद्यावर. डॉक्टर विचारतात, रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे का. नाही. मग चिमट्याने जागा हलकेच धरून पाहतात: "टोचतंय?" नाही. आतल्या बाजूला, एका ठरावीक रेषेच्या वर, टोचल्याची जाणीव नसते, म्हणून भुलीची सुई लागत नाही. बँड खाली बसला तर माणूस ओरडतो. कोंब यंत्रात ओढला जातो, खट्ट आवाज होतो, कडी मुळाशी बसते. रक्तपुरवठा तुटतो, कोंब सुकतो. आणखी एक खट्ट. १९६३ साली अमेरिकेतले डॉ. बॅरन यांनी ही पद्धत सोपी करून दाखवली, तेव्हापासून तिचं मूळ फारसं बदललेलं नाही. सात मिनिटांत बाई उठून बसते.

दोन बँडचे तीन हजार. वेचणी किलोला दहा रुपये. "तीनशे किलो," ती स्वतःशीच म्हणते. दिवसाला पन्नास किलो वेचला तर सहा दिवस.

११:५०. अठ्ठावन्न वर्षांचे एक काका. सहा महिने चूर्ण घेतलं. रक्त पडतं, वजन उतरलंय, पोट साफ होत नाही. डॉक्टर बोटाने तपासतात आणि थांबतात. इथं बँड बसवायचा नाही. आतून दुर्बिणीने तपासायला संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात जायचं, याच आठवड्यात. सिस्टर चिठ्ठीच्या मागे कुठली बस, कुठं उतरायचं, कुठली ओपीडी ते लिहून देते. काकांच्या मुलाकडून तेच पुन्हा वदवून घेते. रक्त म्हणजे मूळव्याधच, असं धरून बसल्यामुळे माणसं फार उशिरा येतात. चिठ्ठी दिल्यावर सिस्टर बराच वेळ कुणाशी बोलत नाही.

२:००. भाकरी, मेथी, ठेचा. दहा मिनिटं.

२:३०. आता खरं काम. बँड बसवलेल्या बाईला इतका वेळ झोपवून ठेवलं होतं, आता घरी सोडायचं. सिस्टर बाहेर उभ्या नवऱ्याला आत बोलावते. तो अवघडतो. "भाऊ, बसा. पाणी तुम्ही तापवायचं."

शेकायला टब हवा, बाजारात दीडशेला मिळतो. "घमेलं चालंल का?" चालेल, रुंद हवं, घासून घ्यायचं, सिमेंटचं नको. पाणी कोमट, कोपर बुडवून बघायचं. संडासानंतर आणि रात्री झोपताना, दहा-पंधरा मिनिटं बसायचं. डेटॉल टाकायचं नाही, आग होते. इसबगोल दोन चमचे, पेलाभर पाण्यात, ढवळलं की लगेच प्यायचं. थांबलं तर गोळा होतो. वर आणखी एक पेला. पाणी न पिता इसबगोल घेतलं तर उलट खडा होतो. भाकरी खा, गवार, पालक, मूग, पेरू खा. जागा भरल्यासारखी वाटेल, संडासला लागल्यासारखं होईल, पण कुंथायचं नाही. पाचव्या ते दहाव्या दिवशी बँड गळतो, तेव्हा थोडं रक्त दिसेल. ताप आला, लघवी अडली, रक्ताच्या गाठी पडल्या, दुखणं वाढत गेलं, तर रात्र असली तरी निघायचं.

नवरा विचारतो, "दिवसातून किती पाणी?"

"दहा-बारा पेले. आणि वावरात चार काठ्या रोवून साडी बांधा. बाकीच्या बायकांनाही होईल."

४:४५. फोनची वही. मागच्या बुधवारच्या पेशंटांना एकेक करून फोन. मोसंबीची क्रेटं उचलणारा एक पोरगा घाबरलाय, आज सकाळी रक्त दिसलं. "चमचाभर की वाटीभर?" चमचाभर. थांबलं? थांबलं. ताप? नाही. "बँड गळला असेल. आज क्रेट उचलू नको. पुन्हा आलं तर लगेच फोन कर." दुसरा फोन उचलत नाही. त्याच्या नावापुढे खूण करते, उद्या पुन्हा.

६:००. नळ्या ब्लीचच्या पाण्यात, मग ब्रशने आतून-बाहेरून. हातमोजे लाल पिशवीत, रक्ताचा कापूस पिवळ्या. फरशी दोनदा पुसते. हाताला ब्लीचचा वास राहतो.

६:४०. निघताना फोन वाजतो. सकाळचीच बाई. उद्या वेचणीला जाऊ का, शेवटचा तोडा आहे, मालक दुसऱ्या बायका लावील.

"उद्या नाही. परवाचं परवा फोन करून विचारा. गेलात तरी गाठोडं उचलायचं नाही, काट्यावर दुसऱ्याने न्यायचं. पाण्याची बाटली सोबत. आत्ता शेकलं का?"

"हे पाणी तापवायलेत."

"मग ठेवा फोन, बसा."