रात्रीच्या धंद्यात उरलेला माल मारतो

आपल्या जालन्यात पोलाद कारखान्यांची रात्रपाळी असते. पाळी सुटलेल्या कामगाराला गरम आणि स्वस्त खाणे हवे असते. म्हणून मोमोच्या गाडीचा हिशेब आम्ही येथे मांडतो. उकडीच्या मोदकासारखाच हा प्रकार. पारी मात्र मैद्याची, आत कोंबडीचा खिमा किंवा कोबी.

समजा, प्लेट ४० रुपयांना विकली आणि खर्च २८ आला. नफा १२. रात्री पाच प्लेटा टाकून द्याव्या लागल्या तर १४० रुपये गेले. म्हणजे जवळजवळ बारा प्लेटांची कमाई बुडाली! म्हणून मोमो थोडे थोडे भरावेत आणि गिऱ्हाईक आल्यावरच वाफवावेत. कच्चा खिमा ५ अंशांखाली, शिजलेला माल ६० अंशांवर ठेवावा. उरलेले दुसऱ्या दिवशी विकू नये. एक जरी आजारी पडला तरी नाव जाते.

मांस खात्रीच्या हलाल दुकानातून घ्यावे, सॉसच्या बाटलीवरील घटकही वाचावेत. राज्याच्या २०१७ च्या कायद्याने दारूची सोडून इतर दुकाने चोवीस तास उघडी ठेवता येतात. तरीही अन्नसुरक्षेची नोंदणी आणि जागेसाठी महापालिकेची परवानगी आधी घ्यावी. गाडी त्यानंतर लावावी.