सुगडाचे सिंचन

संक्रांतीचे वाण देऊन झाल्यावर जी सुगडे घरोघरी माळ्यावर पडून राहतात, त्यांच्याकरवी सज्जातील झाडांना पाणी पुरवण्याची तजवीज किती सुलभतेने होते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. तेलाच्या रिकाम्या डब्याच्या तळाला जाड खिळ्याने पाच-सहा भोके पाडून त्यावर नारळाच्या शेंड्या अंथराव्यात आणि माती व शेणखत भरताना मधोमध एक सुगड गळ्यापर्यंत पुरून, पाण्याने भरून, त्यावर पणती झाकावी, म्हणजे डासांचाही बंदोबस्त होतो.

रंग वा झिलई न दिलेल्या भाजक्या मातीला असंख्य सूक्ष्म रंध्रे असतात. भोवतालची माती जसजशी शुष्क होते तसतशी ती या रंध्रांतून पाणी ओढून घेते, आणि ती ओली असेतोवर पाझर मंदावतो, त्यामुळे डब्यात लावलेल्या रोपाच्या मुळांना गरजेपुरतेच पाणी मिळते, ही योजना मला फार मनोहर वाटते. चीनमधील फान शंगझीच्या इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातील कृषिग्रंथात पुरलेल्या घटांचे असेच सिंचन वर्णिलेले आहे.

सुगड निवडताना ते आधी भरून ठेवावे. काही वेळाने बाहेरचे अंग दमट झाले तरच ते कामाचे. क्षारयुक्त पाण्याने रंध्रे कालांतराने बुजतात, तेव्हा सुगड बदलावे. कोवळ्या रोपाची मुळे ओलाव्यापर्यंत पोहोचेतो वरूनही पाणी शिंपडणे अवश्य आहे. सुगडात पाणी थोडेच मावते, म्हणून ऐन वैशाखात ते रोज भरावे लागते. मोठ्या टपात मात्र लहानसे मडकेच पुरावे.