दम मोजणारा डॉक्टर

चढावर दम लागतो का? सपाट रस्त्यावर बरोबरीच्या माणसांच्या मागे पडता का? शंभरेक मीटर चाललं की थांबावं लागतं का? छातीचे डॉक्टर आजही विचारतात ते हे प्रश्न मुळात वेल्समधल्या कोळसा खाणकामगारांसाठी तयार झाले. त्यामागचे डॉक्टर चार्ल्स फ्लेचर (१९११–१९९५).

फेब्रुवारी १९४१ मध्ये ऑक्सफर्डच्या एका पोलिसाला तेव्हा अगदी नव्या असलेल्या पेनिसिलिनचं इंजेक्शन यांनीच दिलं होतं. औषध अपुरं पडलं आणि रुग्ण दगावला, पण तेवढ्या नोंदीवरही आयुष्यभर मिरवता आलं असतं. फ्लेचर मात्र युद्धानंतर वेल्समधल्या कार्डिफला जाऊन खाणीतल्या धुळीचा अभ्यास करू लागले.

त्यांचं खरं काम पुढे लंडनमध्ये झालं. सततचा खोकला-कफ छातीत जंतुसंसर्ग घडवतो आणि त्यातून श्वासनलिका अरुंद होतात, असं तेव्हा ब्रिटनमध्ये मानलं जाई. हे तपासायला त्यांनी १९६१ पासून आठ वर्षं पश्चिम लंडनमधल्या कामकरी पुरुषांची फुंकर पुन्हा पुन्हा मोजली; पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते ते पाहिलं. संख्याशास्त्रज्ञ रिचर्ड पेटो यांच्यासह ७९२ जणांचा हिशेब मांडला, तेव्हा तो समज टिकला नाही. कफ ही एक गोष्ट, श्वास कोंडणं ही दुसरी. मात्र दोन्हींच्या मुळाशी धूम्रपान. वयानुसार फुफ्फुसाची ताकद सगळ्यांचीच घटते, काही धूम्रपान करणाऱ्यांची मात्र झपाट्याने. सिगारेट सोडली की गेलेली ताकद परत येत नाही, पण घसरणीचा वेग न ओढणाऱ्यांइतका होतो. पन्नाशीतल्या माणसालाही ‘आता सोडून काय उपयोग’ म्हणायची सोय त्यामुळे राहिली नाही. १९७७ मध्ये छापून आलेला त्यांचा आलेख आजही विद्यार्थ्यांना शिकवतात.

या अभ्यासात एक मोठी फट होती: सगळे पुरुष, तेही लंडनचे. चुलीपुढे बसणारी बाई त्यात कुठून येणार? पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं, की सीओपीडीच्या, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याच्या याच आजाराच्या, अंदाजे २५ ते ४५ टक्के रुग्णांनी कधीच धूम्रपान केलेलं नसतं. चुलीचा धूर हे त्याचं एक मोठं कारण.

तेव्हा घरातली आजी चालताना मागे पडत असेल, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. तिने कधी विडी ओढली नसली, तरी एकदा स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकर मोजण्याची तीच तपासणी, करून घ्या.