उत्तर मिळालं, पण मनन कुणी केलं?

तळवड्यात एका बाजूला सॉफ्टवेअर पार्क आहे आणि दुसऱ्या बाजूला लेथ-मिलिंगचे गाळे. शिक्षणातल्या कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी बोलायला ही जागा फार चांगली आहे.

मागच्या महिन्यात शेजारचा आठवीतला मुलगा निबंध घेऊन आला. विषय, ‘माझे बाबा’. एक वेलांटी चुकलेली नाही. निबंधातले बाबा सकाळी ऑफिसला जातात आणि संध्याकाळी मुलाचा अभ्यास घेतात. याचे वडील तर पाळीत लेथ चालवतात! मी विचारलं, ‘‘अरे, यात तुझे बाबा कुठं आहेत?’’ तो म्हणाला, ‘‘आजोबा, हे मोबाईलनं लिहिलंय.’’ मग त्याला बोलतं केलं. म्हणाला, बाबांच्या हाताला ऑइलचा वास येतो. रात्रपाळी करून आले की आम्ही टीव्हीचा आवाज बारीक करतो. बघा, खरा निबंध हा होता, आणि तो वहीत उतरलाच नव्हता.

बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य मैत्रेयीला तीन पायऱ्या सांगतात: श्रवण, मनन, निदिध्यासन. तिथं विषय आत्मज्ञानाचा आहे, पण हा क्रम कुठल्याही शिकण्याला लागू पडतो. यंत्र श्रवणाची सोय उत्तम करतं. अवघड धडा दहा वेळा समजावतं, कंटाळत नाही. माझी तक्रार त्याबद्दल नाहीच. मनन मात्र ज्याचं त्यानंच करायचं असतं. ते दुसऱ्याकडून करून घेतलं तर उत्तर हाती येतं, पण मुलगा होता तिथंच राहतो.

कुणी म्हणेल, ‘‘सर, यंत्र असताना डोकं कशाला शिणवायचं?’’ याचं उत्तर तुमच्या गाळ्यातच आहे. आयटीआयमध्ये फिटरच्या मुलाला आधी हातानं फायलिंग करायला लावतात. सीएनसीच्या काळात हे कशाला? कारण हाताला माप कळलं, की यंत्राचं चुकलेलं माप ओळखता येतं. ज्यानं स्वतः कधी परिच्छेद लिहिला नाही, त्याला यंत्रानं लिहिलेला खोटा परिच्छेद कसा ओळखू येणार?

आणि ओळखणं सोपं नाही. 1966 साली अमेरिकेत जोसेफ वायझेनबॉम यांनी ‘एलायझा’ नावाचा गप्पा मारणारा प्रोग्राम प्रसिद्ध केला. तो बहुतेक आपलंच वाक्य फिरवून प्रश्न विचारायचा. तरी माणसं त्याच्यापाशी मन मोकळं करू लागली. ते बघून वायझेनबॉम स्वतःच अस्वस्थ झाले, आणि पुढं संगणकावरच्या भाबड्या विश्वासाचे मोठे टीकाकार बनले.

मग तंत्रज्ञान वर्गाबाहेर ठेवायचं का? मुळीच नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजी आठवा. 2020 चा ‘ग्लोबल टीचर’ पुरस्कार त्यांना मिळाला. त्यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. पण त्याआधी मुलांच्या घरची कन्नड भाषा समजून घेतली. आधी मूल कळलं, मग यंत्र आलं. हा क्रम उलटा झाला की घोटाळा होतो.

माझी खरी भीती वेगळीच आहे. पैसेवाल्याच्या मुलाला शिक्षकही मिळेल आणि यंत्रही. कामगाराच्या मुलाला मात्र ‘यंत्र आहे ना’ म्हणून शिक्षक नाकारला जाईल.

म्हणून पालकांना एकच विनंती. मुलानं उत्तर दाखवलं की वही मिटायला सांगा आणि विचारा, ‘‘आता तुझ्या शब्दांत सांग.’’ तो अडखळेल. अडखळू द्या. मननाची सुरुवात तिथंच होते.