उकव्याचा तंबोरा

उकव्याला रेल्वे स्टेशन नाही. बालाघाट जिल्ह्यात, बैहरच्या वाटेवर, मँगनीजच्या खाणीभोवती वसलेले हे गाव. बालाघाट स्टेशन सुमारे ४० किलोमीटर, मध्ये गांगुलपाऱ्याचा घाट. खाणीत काम करणाऱ्या एका गृहस्थांची मुलगी माझ्याकडे शिकते. तिच्यासाठी मिरजेचा तंबोरा घेऊन गेल्या हिवाळ्यात मी इंदुराहून निघालो. जबलपूरपर्यंत रात्र झोपेत सरली. खरा प्रवास पुढेच.

जबलपूर–गोंदिया ही मूळची बंगाल-नागपूर रेल्वेची अडीच फुटी लाइन, १९०५ च्या सुमारास पुरी झालेली. २०१५ साली जबलपूर–नैनपूरची छोटी गाडी थांबली आणि २०२१ पर्यंत सारा मार्ग रुंद झाला. होळकरांनी १८७० साली एक कोटीचे कर्ज देऊन आणविलेल्या खंडवा लाइनीचे वाचकांना सांगणे नको. महूच्या पुढची छोटी गाडी २०२३ साली आपण निरोप देऊन आलोच. त्या गाडीत वडील (दरबारचे वादक ते) मांडीवर ठेका धरून बसत. म्हणत, लय कितीही ठाय असो, समेवर आले म्हणजे झाले.

माझी तक्रार तेवढीच आहे. पॅसेंजर हळू चालते म्हणून कोणी रागावत नाही. ती कधी पोहोचेल हे कळत नाही, हे दुःख. गाडी कोणती, स्टेशन कोणते, ते असो. वाटेत आम्ही दोन तास उभे होतो. तीन मालगाड्या आणि एक एक्स्प्रेस पुढे गेली. सूचना एकही नाही. बालाघाटला उतरलो तेव्हा उकव्याची शेवटची बस गेलेली. रात्र बाकावर, तंबोरा मांडीवर. गारठ्याने जोडीच्या तारा उतरल्या. सकाळच्या बसचा कंडक्टर म्हणाला, "भोपळा टपावर टाका." घाट संपेपर्यंत मी तो कवटाळून उभा राहिलो.

१९५६ पर्यंत बालाघाटची राजधानी नागपूर होती. मॉइल या खाण कंपनीचे मुख्य कार्यालय आजही नागपुरासच. दवाखाना, कॉलेज, सोयरीक, सारा ओढा तिकडे. २०२० साली पॅसेंजर बंद झाल्या. परतल्या त्या एक्स्प्रेसच्या भाड्याने, दहा रुपयांच्या जागी तीस. २०२४ साली भाडे पुन्हा उतरले. त्याबद्दल आभार मानावेत. पण दहा रुपयांत बसची वेळ गाठता येणार नसेल तर मुलीच्या बापाने काय करावे?

महिन्यातून एकदा मी नागपुरास शिकवायला येतो, तिथे हिला पाठवा, असे मी सुचविले. ते चहा ओतता ओतता म्हणाले, "गुरुजी, सकाळी गेलेली पोर रात्री घरी येईल, एवढे सांगा. मग पाठवितो."

मला सांगता आले नाही. मुलगी आतून ऐकत होती. तंबोरा जुळवून दिला, दोन तास यमन घेतला, आणि टेलिफोनवर शिकविण्याचे ठरवून निघालो. टेलिफोनवर तंबोऱ्याची जवार ऐकू येत नाही, हे तिला आताच कशाला सांगा.